तुफानचे बाबा

वेताळ टेकडीवर कुत्रं घेऊन येणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव उरत नाही. ब्रूनोची मम्मी, सिंबाचे आजोबा, तसे हे तुफानचे बाबा. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, डोक्यावर माकडटोपी, गळ्यात शिट्टी, हातात पट्टा. पट्ट्याला कुत्रं नाही. कुत्रं पाहायचं असेल तर बाबांची नजर जिथे लागलीय तिकडे बघावं. खाणीच्या काठावर एक उंच, सडपातळ, लांब नाकाचं जनावर उभं असतं आणि ते नेमकं दुसरीकडे बघत असतं.

"तुफान! तुफान आला, तुफान आला! ये!"

जूनमध्ये ही हाक ऐकून नवखे लोक आभाळाकडे बघतात आणि भराभर टेकडी उतरू लागतात. जागचा हलत नाही तो तुफान.

अशी माणसं आता प्रत्येक सोसायटीत सापडतात. कुणाकडे हस्की असतो, कुणाकडे बीगल. कुत्रं हाकेला येत नाही ही त्यांची तक्रार असते आणि सांगताना चेहऱ्यावर मुलगा अमेरिकेला गेल्याचं समाधान असतं. "ऐकू सगळं येतं हो त्याला," बाबा म्हणतात, "पण तो आधी विचार करतो." तुफानचा हा विचार कधीकधी पाऊण तास चालतो.

तुफान कारवान जातीचा, लातूर जिल्ह्यातल्या जानवळहून आणलेला. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला याच जातीची जोडी भेट दिली होती, हे बाबा ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत सांगतात. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. ते त्यांच्या पाकिटात आधारकार्डाच्या पुढे असतं. तुफानबद्दल कुणी तक्रार केली की तिकीट बाहेर निघतं. सरकारी कागद दाखवला की वाद मिटतो यावर त्यांची जुनी श्रद्धा आहे.

खरं तर तुफानची बाजू भक्कम आहे. मेंढरं वळवणारं कुत्रं दर चार पावलांना मागे वळून धन्याकडे बघतं, कारण त्याचं कामच धन्याच्या इशाऱ्यावर चालतं. कारवान हा नजरेवर शिकार करणारा गडी. माळावर ससा उठला की धनी अर्धा मैल मागे राहायचा, तेव्हा कुठे वळायचं, कुठून आडवं जायचं हे कुत्र्यानेच ठरवायचं. जे मागे बघत बसले त्यांना ससा मिळाला नाही आणि ज्यांना ससा मिळाला त्यांचीच पिल्लं लोकांनी वाढवली. इतक्या पिढ्यांनी पक्का केलेला स्वभाव कोथरूडच्या वन बीएचकेत आल्याने बदलत नाही. झुडपात मोर हलला की तुफानचे कान बंद होतात. (टेकडीवर मोर आहेत, म्हणूनच कुत्रं दोरीवर असावं. हे मी बाबांना सांगितलंय. त्यांनी तिकीट दाखवलं.)

स्टॅन्ली कोरेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धीवर पुस्तक लिहिलं. त्यातल्या यादीत बॉर्डर कॉली पहिला आणि अफगाण हाउंड, म्हणजे तुफानच्या लांबच्या नात्यातला, अगदी तळाला. ब्रूनोच्या मम्मीने ही यादी मोबाइलवर काढून दाखवली. बाबा शांतपणे म्हणाले, "ही आज्ञा पाळण्याची यादी आहे मॅडम. बुद्धीची नव्हे." आणि बाबांचं बरोबर होतं. पुढे ब्रूनो या एका हाकेला धावत येणाऱ्या लॅब्रॅडॉरकडे बघून ते हळूच मला म्हणाले, "हा आमच्या खात्यात असता तर वेळेवर प्रमोशन मिळालं असतं."

हे ते अनुभवाने बोलत होते. तेहेतीस वर्षं साहेबांची घंटी वाजली की बाबा उठले. चहाचा घोट तोंडात असताना उठले, डबा उघडा टाकून उठले. काकू सांगतात, निवृत्तीनंतर वर्षभर दारावर कुरियरवाल्याने बेल मारली तरी ते शर्टाचं वरचं बटण लावायचे. अशा माणसाच्या घरात हा प्राणी आला. त्याला बोलावलं की तो मान वळवतो, नीट बघतो, आणि नाही म्हणतो. बाबा ओरडतात, पण ओरडताना त्यांची नजर बघा. साहेबाला असं वागवणारा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलाय.

हाक बिघडवली मात्र बाबांनीच. सुरुवात "तुफान बाळा, ये"ने होते, मग "इकडे ये म्हटलं ना", मग "मी चाललो हं", आणि शेवटी "चल घरी, बघतोच तुला". आला की पट्टा. पट्टा म्हणजे फिरणं संपलं. एरवी घरात "ये" म्हटलं जातं ते आंघोळीसाठी किंवा गोचिडांचं औषध लावायला. आल्यावर उशिरा आला म्हणून बोलणी वेगळीच. म्हणजे येण्याची शिक्षा त्याला नियमित मिळत होती. शिवाय एकाच दमात वीस वेळा मारलेली हाक भंगारवाल्याच्या हाकेसारखी होते. ऐकू येते, पण आपल्यासाठी असेल असं वाटत नाही.

काकू हाक मारत नाहीत. स्टीलच्या डब्याचं झाकण एकदा वाजवतात. तुफान गच्चीवर असो की जिन्यात, क्षणात स्वयंपाकघरात हजर. त्या झाकणामागून नेहमी काहीतरी चांगलंच निघालेलं आहे, आंघोळ कधीच नाही. पावलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासाबद्दल, आणि त्या अभ्यासातूनच पुढे त्याला हे झाकणाचं शास्त्र सापडलं. काकूंना ते भाकरी थापताना सापडलं.

शेवटी लेकीने ट्रेनर पाठवली. पंचविशीतली मुलगी, बाबांना न घाबरणारी. तिने दहा मीटरची लांब दोरी बांधायला लावली, "ये" हा शब्द बाद करून शिट्टी दिली आणि नियम सांगितले. हाक एकदाच. आल्यावर रागवायचं नाही, कितीही उशिरा आला तरी. बोलावून खाऊ द्यायचा आणि पुन्हा मोकळं सोडायचं, म्हणजे येणं म्हणजे घरी जाणं असं त्याला वाटणार नाही. आणि मागे धावायचं नाही, तो त्याला खेळ समजतो. उलट दिशेने पळायचं, आनंदी आवाज काढत.

आनंदी आवाज ही अट जड गेली. सरकारी नोकरीत त्याची सवय राहिलेली नव्हती. पहिल्या दिवशी बाबा गुडघे सांभाळत उलटे पळाले आणि त्यांनी जो आवाज काढला तो ऐकून हास्यक्लबच्या मंडळींनी त्यांना सभासद करून घ्यायचं ठरवलं.

दुसरी अडचण खाऊची. बिस्किट तुफान नाकाने बाजूला सारतो. ट्रेनर म्हणाली, मोराशी स्पर्धा आहे काका, उकडलेली कोंबडीची कलेजी पाहिजे. बाबांच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. मग बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. बाबा हेल्मेट न काढता चिकनच्या दुकानात जायचे. आठवडाभरात दुकानदार रस्त्यापलीकडून ओरडू लागला, "काका, तुफानची कलेजी तयार आहे!" आता हेल्मेट घालत नाहीत.

हे असं पावसाळाभर चाललं. तुफान दोरीवर येऊ लागला, मग दोरी जमिनीवर सोडली तरी येऊ लागला. मधे एकदा मोर उडाला तेव्हा सगळं शिक्षण वाहून गेलं, पण ट्रेनर म्हणाली, चालायचंच.

आणि परवा बाबांनी शिट्टी वाजवली, एकदाच, तर खाणीच्या काठावरून तुफान सरळ धावत आला आणि पुढ्यात बसला. सिंबाच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी कलेजी दिली, त्याचं नाक चाचपलं, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि रिक्षा करून त्याला थेट डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या, थर्मामीटर लावला. एकशे दीड.

"बघा! ताप आहेच," बाबा म्हणाले.

"कुत्र्यांचं एवढंच असतं काका. तब्येत ठणठणीत आहे."

"मग आला का?"