राजधानी पाहून झाली!

रायगड ‘करायला’ हल्ली दोन तास पुरतात. रोपवेची रांग त्यात धरलेली नाही. वर पोहोचलं की आधी ताक, मग सेल्फी, मग जमलाच तर इतिहास. बाजारपेठेची जोती एवढी उंच का? घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून, असं गाईड सांगतो. गाडीतून न उतरता वडापाव मागवणाऱ्या आपल्याला ते लगेच पटतं. ६ जून १६७४ रोजी जिथे राज्याभिषेक झाला, तिथे उभ्या राहून काकू विचारतात, ‘‘अहो, खाली कधी उतरायचं?’’ राजसभेची रचनाच अशी, की सिंहासनापाशी बोललेलं नगारखान्याच्या दारात ऐकू जातं. काकांना तेवढं जात नाही.

जगदीश्वराच्या देवळाशी मात्र जरा थांबा. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव तिथे कोरलंय, पण पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाखाली. आणि ज्यांनी आयुष्यात एक चिराही बसवला नाही, ते बदामात बाण काढून आपली नावं भिंतीवर कोरतात, चांगली छातीच्या उंचीवर. पुढच्या वेळी खिशातली किल्ली खिशातच राहू द्या.