घरोघरच्या मानद आयटी खात्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. खातेप्रमुख,
घरगुती आयटी खाते (पद मानद, मानधन चहा)

विषय: घरासाठी नेटवर्क स्टोरेज यंत्राची, म्हणजे नॅसची, निवड

महोदय,

नॅस म्हणजे राउटरला केबलने जोडलेला, पोटात एक किंवा अधिक हार्ड डिस्क बाळगणारा छोटा संगणक. घरातले फोन, लॅपटॉप आणि टीव्ही त्यातल्या फायली एकाच वेळी वापरू शकतात. गूगलने 1 जून 2021 पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली आणि नवे फोटो 15 जीबीच्या हिशेबात धरायला सुरुवात केली. तेव्हापासून अशा यंत्राच्या मागणीला घरोघरी सबळ कारण मिळाले आहे.

खात्याची रीत अशी, की आधी चार खणांचे देखणे खोके पसंत करायचे आणि त्यात ठेवायचे काय, हे खरेदीनंतर पाहायचे. वास्तविक मोजणी आधी हवी. फोनमधली ‘शुभ सकाळ’ची फुले वगळली तर बहुतेक घरांचे फोटो एक-दोन टीबीत मावतात. जागा खातो तो व्हिडिओ: 100 एमबीपीएसने केलेले चार तासांचे लग्नाचे चित्रीकरण एकटेच 180 जीबी होते. 4 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 3.63 दिसते, म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालू नये. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. मापात पाप कोणीच केलेले नसते.

एका खणाचे यंत्र स्वस्त, पण डिस्क गेली की सगळे गेले. दोन खणांत रेड-1 लावले की तोच मजकूर दोन्ही डिस्कवर राहतो आणि 4 अधिक 4 बरोबर 4 असे नवे अंकगणित लागू होते. तीन-चार खणांत रेड-5 वापरले तर एका डिस्कइतकी जागा सुरक्षेपोटी जाते. रेडची कल्पना बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 च्या निबंधात मांडली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र करून एका महागड्या डिस्कला टक्कर द्यायची, हा त्यांचा मूळ हिशेब. सामान्य घराला दोन खण पुरतात.

मात्र दोन डिस्क बसवल्या की ‘बॅकअप झाला’ असे खाते सर्वांना सांगत सुटते, तिथे मोठी गफलत आहे. रेड फक्त डिस्क बिघडण्यापासून वाचवते. भाच्याने पहिल्या डिस्कवरचा ‘न्यू फोल्डर (3)’ उडवला की दुसरी डिस्कही तो तत्क्षणी, इमानेइतबारे उडवते. जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या माय बुक लाइव्ह यंत्रांतला मजकूर इंटरनेटवरून हल्ला होऊन पुसला गेला. त्या यंत्रांना 2015 नंतर अपडेट मिळालेच नव्हते. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रामने क्यूनॅपच्या यंत्रांतल्या फायलींना कुलूप घातले. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम पाळावा लागतो. महिन्यातून एकदा यूएसबी डिस्कवर प्रत काढून ती भावाच्या घरी ठेवली तरी निम्मे काम होते. उरलेले निम्मे, म्हणजे त्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर परत येते का हे पाहणे, कोणतेच खाते करत नाही.

डिस्क घेताना सीएमआर की एसएमआर हे विचारावे. एसएमआरमध्ये चुंबकीय पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रेडमध्ये मेलेली डिस्क बदलल्यावर सगळा मजकूर नव्याने लिहिताना अशी डिस्क धापा टाकते. नॅससाठी म्हणून विकलेल्या आपल्या काही डिस्क या प्रकारच्या असल्याची कबुली वेस्टर्न डिजिटलने 2020 मध्ये दिली.

कंपनीचा स्वभावही पाहावा. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने 2025 च्या प्लस मालिकेत आपल्या यादीतल्याच डिस्क चालतील अशी अट घातली आणि ग्राहक खवळल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात ती सैल केली. टीव्हीसाठी व्हिडिओचे रूपांतर करायचे असेल तर अंगभूत ग्राफिक्स असलेला इंटेल प्रोसेसर बरा. नुसत्या फोटोंच्या साठवणीला साधा एआरएमही चालतो.

गिगाबिट केबलवरून सेकंदाला साधारण 110 एमबी जातात. अडीच गिगाबिटचे पोर्ट असल्याची फुशारकी राउटर आणि लॅपटॉपही त्या जातीचे असतील तेव्हाच मारावी. बाहेरगावाहून फायली उघडायच्या तर भारतातल्या अनेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, सीजीनॅटमागे तो अनेकांत वाटलेला असतो. त्यामुळे राउटरचे पोर्ट उघडून काही हाती लागत नाही. टेलस्केलसारखे व्हीपीएन सोपे पडते आणि दारही सताड उघडे राहत नाही.

पंधरा ते वीस वॅटचे यंत्र अहोरात्र चालले तर वर्षाला 130 ते 175 युनिट वीज जाते. बिलाहून मोठा घोर वळवाच्या पहिल्या सरीला वीज गुल होण्याचा. लिहिता लिहिता डिस्क बंद पडू नये म्हणून यूएसबीने नॅसला जोडता येणारा यूपीएस घ्यावा. वीज गेल्याचे तो यंत्राला कळवतो आणि यंत्र शिस्तीत बंद होते. घरच्या इन्व्हर्टरला हे कळवणे सहसा जमत नाही. यंत्र टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवू नये, तिथे ते तापते. झोपायच्या खोलीतही नको, डिस्कची खरखर रात्री फार मोठी वाटते.

कळावे,
घरातील समस्त वापरकर्ते