उतारा कळतो, भाव कळू दिला जात नाही

भाद्रपद लागला की मराठवाड्यात पारावरचं सगळं बोलणं एका प्रश्नावर येऊन थांबतं: यंदा बॅगला किती कट्टे पडतील? शेतकरी सोयाबीनचं झाड उपटतो, शेंगा मोजतो, दाणा नखानं दाबून बघतो. फुलोऱ्यात पावसानं किती ओढ दिली, पिवळा मोझॅक कुठवर शिरला, हे त्याला पाठ असतं. उताऱ्याचा त्याचा अंदाज सहसा फार चुकत नाही. चुकतो तो भावाचा. मग शहाणी माणसं त्याला सांगतात, बाजाराचा अभ्यास करत जा.

कसला अभ्यास करायचा त्यानं? ऑगस्ट 2021 मध्ये लातूरला सोयाबीन क्विंटलमागे 10 हजारांच्या वर गेलं. कुक्कुटपालन उद्योगानं ओरड केली आणि त्याच महिन्यात केंद्रानं 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ज्या जीएम सोयाबीनची पेरणी इथल्या शेतकऱ्याला करता येत नाही, त्याचीच ही पेंड! नवा माल अडतीवर आला तोवर भाव जवळपास निम्म्यावर आला होता. शेंगेत दाणा भरत होता तेवढ्या दिवसांत सगळा हिशेब उलटला. हे कोणत्या अभ्यासात बसतं?

पुढच्या दोन-चार महिन्यांच्या भावाचा थोडा तरी अदमास वायदेबाजारातून यायचा. डिसेंबर 2021 मध्ये सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ दिली. सट्टेबाजांना आवर घाला, जरूर घाला. पण भाव कुठं चाललाय हे शेतकऱ्याला दिसूच नये, याचं समर्थन कसं करणार?

सोयाबीनच्या दाण्यात तेल असतं जेमतेम 18 टक्के. उरते ती मुख्यतः पेंड, त्यामुळे भाव पेंडेच्या मागं चालतो. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला आणि पेंडेची मागणी त्यानं खाल्ली. इथेनॉलचं धोरण आखताना याचा विचार व्हायला हवा होता. तेलाकडून तरी आधार मिळेल म्हणावं, तर तिथंही तेच. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क, उपकर धरून, 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर नेलं. मे 2025 संपता संपता, ऐन पेरणीच्या तोंडावर, ते 16.5 वर उतरवलं. फोडणी महागली की शहरातल्या गरिबाचे हाल होतात, हे मला मान्य आहे. त्याला स्वस्त तेल सरकारनं आपल्या तिजोरीतून द्यावं. ते नेहमी शेतकऱ्याच्याच खिशातून का?

राहिला हमीभाव. 2024 च्या हंगामात तो होता 4892 रुपये आणि काढणीच्या वेळी बाजार त्याच्या कितीतरी खाली. सरकारी केंद्रावर माल न्यावा तर ओलाव्याची अट 12 टक्के. परतीच्या पावसात भिजलेली गंज मोडून मळलेला दाणा इतका कोरडा कुठून येणार? अट 15 टक्क्यांवर आणली ती नोव्हेंबरच्या मध्यावर, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर. तोवर दोन-तीन एकरवाल्यानं माल केव्हाच विकलेला होता. मळणीयंत्राचं भाडं, सोंगणीची मजुरी, हरभऱ्याचं बी, दिवाळी. यातलं काही थांबत नाही.

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. गोदामात माल ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, 180 दिवस, 6 टक्के व्याजानं. योजना चांगली आहे, मी भेटेल त्याला सांगतो. पण ती चालते ज्या बाजार समितीकडे गोदाम आणि इच्छा दोन्ही आहेत तिथंच, आणि गावापासून तिथवर माल न्यायचं भाडं आहेच.

म्हणून मागणी सरळ आहे. आयात शुल्क, आयातीची परवानगी, खरेदीच्या अटी, जे काही ठरवायचं ते मे महिन्यात, पेरणीच्या आधी जाहीर करा आणि फेब्रुवारीपर्यंत त्याला हात लावू नका. खरेदी केंद्रांची नोंदणी पोळ्याला सुरू करा, काटे दसऱ्याला लावा. आणि ज्या केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र आहे, त्या केंद्रावर माल वाळवायचं यंत्रही ठेवा.