रकान्याचा रंगारी

कचेरी कोणतीही घ्या, तिथे एक काम करणारा असतो, एक सही करणारा असतो आणि एक रंग देणारा असतो. हा तिसरा माणूस संगणकासमोर बसतो. आपण त्याला रंगभाऊ म्हणू. राहायला भातसानगरच्या वसाहतीत, नोकरीला शहापूर बाजूच्या एका कचेरीत, आणि मनाने कायम रंगपेटीत.

रंगभाऊ पदाने लिपिक, वृत्तीने कलावंत. एमएस-सीआयटी झालेलं, मराठी टायपिंगची तीसची परीक्षा सुटलेली. माहिती भरणं मात्र त्याच्या जिवावर येतं. उन्हाळ्यात पाणीटंचाईचं काम निघतं. बदली होऊन गेलेल्या कुणा हुशार माणसाने मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसमध्ये एक फॉर्म करून ठेवलेला आहे: गाव, पाडा, विहीर, टँकरच्या मंजूर फेऱ्या, प्रत्यक्ष फेऱ्या, शेरा. हा फॉर्म उघडला की रंगभाऊला गाव दिसत नाही की पाडा दिसत नाही. दिसते ती फक्त रकान्यामागची पांढरी जागा, आणि ती त्याला बघवत नाही.

"भाऊ, कसाऱ्याकडचे पाडे भरून झाले का?"

"भरतो की साहेब. आधी 'मंजूर फेऱ्या' जरा उठून दिसू द्या."

उठून दिसण्यासाठी तो फॉर्म डिझाइनमध्ये उघडतो, त्या रकान्याची चौकट निवडतो, प्रॉपर्टी शीटमध्ये बॅक कलरपाशी जातो आणि तिथे मुक्काम ठोकतो. रंगांची इंग्रजी नावं त्याला चालत नाहीत. त्याचा हिशेब वेगळा: लग्नपत्रिकेचा पिवळा, एसटीचा लाल, आवणाचा पोपटी. पिवळा नक्की होईपर्यंत चहा येऊन निवतो. मग फॉर्म उघडावा, तर रकाना पांढराच! बॅक स्टाइल ट्रान्सपरंट राहिलेली असते. ट्रान्सपरंट असली की दिलेला रंग दिसत नाही, ती नॉर्मल करावी लागते. कचेरीत एवढी एकच गोष्ट पारदर्शक होती, तीही रंगभाऊने दुरुस्त केली.

एवढ्यावर थांबेल तो रंगारी कसला? एके वर्षी त्याच्या मनात आलं, टँकर चालू असलेल्या पाड्याचा रकाना आपोआप तांबडा व्हावा. कुठूनतरी चार ओळींचा कोड मिळवून त्याने तो ऑन करंटवर, म्हणजे ओळ बदलली की चालणाऱ्या जागी, चिकटवला: टँकर असेल तर तांबडा, नसेल तर पांढरा. सगळी कचेरी बघायला जमली. कर्सर टँकरवाल्या पाड्यावर नेला, आणि वरपासून खालपर्यंत अख्खा रकाना तांबडा झाला. पुढच्या गावावर क्लिक केलं, तर सगळंच्या सगळं पांढरं. एका बोटाने तालुका टंचाईग्रस्त, त्याच बोटाने टंचाईमुक्त!

"अहो, हे काय? डोळखांबला कुठे टँकर लावलाय आपण?"

"लावला नाही साहेब, पण मे महिना आहे. राहू द्या तांबडं."

दोष त्या यंत्राच्या रीतीतच आहे. फॉर्मवर पन्नास ओळी दिसत असल्या तरी रकान्याची चौकट एकच असते, तीच ओळीओळीने पुन्हा काढलेली. कोडने तिचा रंग बदलला की सगळ्या ओळींचा बदलतो. ओळीगणिक रंग हवा असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंग वापरायचं. ॲक्सेस आलं १९९२ मध्ये, ही सोय आली २००० च्या आवृत्तीत, आणि तीही तीन अटींपुरती. २०१० च्या आवृत्तीत अटींची मर्यादा पन्नासवर गेली. रंगभाऊला ही बातमी कळली तो दिवस कचेरीने कामकाजातून वजा केला.

आता त्याच्या फॉर्मवर काय नाही? टँकर मंजूर, टँकर रस्त्यात, टँकर नादुरुस्त, विहीर आटली, विहिरीत गाळ, ग्रामसेवक रजेवर. प्रत्येकाला स्वतंत्र रंग. पडदा सत्यनारायणाच्या मांडवासारखा सजतो. मग छपाईचा हुकूम सुटतो आणि कचेरीतला काळा-पांढरा प्रिंटर सगळ्या रंगांची एकच राख करून कागदावर ओततो. रंगभाऊ खचत नाही. "स्क्रीनवर बघा ना साहेब," एवढंच म्हणतो.

आणि साहेब बघतात, हेच खरं दुखणं आहे. आढावा बैठकीत कोरं पत्रक घेऊन येणाऱ्याला झाडतात आणि रंगीत पत्रकाला "छान काम केलंय" म्हणतात. रंगभाऊ आकाशातून पडलेला नाही, अशा शाबासक्यांवर पोसलेला आहे.

खरं तर त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर भातसा धरण आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांचा मिळून साठा १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातले ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या भातसाचे. शिवाय १८९२ पासूनचं तानसाही याच तालुक्यात. या सातही जलाशयांचा साठा महापालिका रोजच्या रोज प्रसिद्ध करते. त्या तक्त्यात रंगापेक्षा आकडा मोठा असतो, कारण तो चुकला तर मुंबईत बोंब होते. याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. धरण उशाला नि कोरड घशाला. पाड्यांचा आकडा चुकला तर बोंब पाड्यावरच राहते. म्हणून इथे रंगाला वेळ मिळतो.

रंगभाऊ माणूस वाईट नाही. त्याला वेळेवर कुणी आकडे विचारले असते, तर त्याने तेही भरले असते. बहुधा पोपटी अक्षरांत. पण एक गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नाही: फॉर्मला दिलेला रंग फॉर्मवरच राहतो. खालच्या टेबलात तो जात नाही, तिथे फक्त भरलेलं राहतं. तेव्हा असं रंगीत पत्रक हातात आलं, तर पिवळा रकाना सोडा आणि सरळ 'प्रत्यक्ष फेऱ्या' वाचा. तो रकाना कोरा असेल, तर पाडा कोरडा आहे असं खुशाल समजा.