स्वयंपाकघराचे चेअरमन

प्रवरेकाठच्या माणसाला सहकार शिकवावा लागत नाही. आमच्या कोल्हारहून लोणी हाकेच्या अंतरावर, आणि तिथंच विठ्ठलराव विख्यांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा केला. आशियातला पहिला, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. पुढं ऊस सहकारी झाला, दूध झालं, पतपेढ्या झाल्या. चूल तेवढी एकटीच्या गळ्यात राहिली होती. आता तीही सहकारात आली आहे, कारण कोल्हारच्या प्रत्येक आळीत तिला एकेक चेअरमन लाभला आहे.

हा गृहस्थ बहुधा निवृत्त. मास्तर, नाहीतर सोसायटीचा सचिव. नावाला ‘साहेब’ जोडलेलंच. आमच्या जिल्ह्यात ते बारशालाच जोडतात, कर्तृत्वाची वाट बघत बसत नाहीत. घरात त्यांना सगळे आण्णा म्हणतात.

बालभारतीनं 2019 साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. ते पान नातवानं आण्णांपुढं धरलं, आणि ‘इथून पुढं रविवारचा स्वयंपाक सगळ्यांनी मिळून’ असा ठराव तिथल्या तिथं मांडला गेला. सूचक आण्णा, अनुमोदक आण्णा. विरोध नोंदवायला आण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकू, हजर नव्हत्या, त्या स्वयंपाकघरात होत्या.

बेत ठरतो शेंगोळ्यांचा. निवड चोख आहे, हे मानलं पाहिजे. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळायचं, चिमटीएवढा गोळा तळहातावर लांब वळून टोकं जुळवायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात कडी सोडत जायची. एकटीनं करायला घेतलं तर मान मोडून येते, चार जणांत गप्पांच्या नादात परात रिकामी होते. मात्र हुलगे आदल्या आठवड्यात आण्णांच्या म्हाताऱ्या आईनं निवडलेले असतात आणि दळण सुनेनं आणलेलं असतं. पीठ डब्यात आपोआप उगवतं अशी आण्णांची श्रद्धा आहे. गावच्या भगवतीमातेच्या खालोखाल तिचाच नंबर.

आण्णा मधोमध खुर्ची टाकून बसतात. नातवाकडं लसूण, सुनेकडं मळणं, आईकडं वळणं. स्वतःकडं फोडणी, कारण फोडणीचा आवाज ओट्यावरून थेट रस्त्यापर्यंत जातो.

“अगं ए, तिखट कुठंय?”

“तुमच्या हातात.”

“मग मीठ?”

काकू पदराला हात पुसत येतात, डोळ्यांसमोरचा डबा उचलून डोळ्यांसमोर धरतात आणि परत जातात. तेवढ्यात दारावरून कुणी गेलं, की फोडणी गॅसवर आणि आण्णा नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांवर. लसूण करपतो. “गॅस कुणी मोठा ठेवला?” अशी चौकशी समिती लगेच नेमली जाते.

थोरला मुलगा मात्र रोज पहाटे उठून कणीक मळतो, पोळ्या लाटतो, बायकोचा आणि स्वतःचा डबा भरतो. गेली कित्येक वर्षं. त्याचा फोटो कुणी काढत नाही. उलट आण्णांनीच त्याला सांगून ठेवलंय, “पोळ्या लाटताना खिडकी लावून घेत जा रे, समोरचे बघतात.” रविवारी तीच खिडकी सताड उघडी असते.

सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाकाठी सरासरी 289 मिनिटं जातात, आणि त्यात हात घालणाऱ्या पुरुषांची 88, असं निघालं. पेपरातला हा आकडा आण्णांनी जेवताना मोठ्यानं वाचला. “माझी 88च्या वर भरतील.”

“भरतील की,” काकू म्हणाल्या, “निम्मी मीठ हुडकण्यात.”

शेंगोळे झकास होतात, यात वाद नाही. पिठाला आईचा हात असतो. “कसे झालेत?” हा प्रश्न आण्णा प्रत्येक ताटापाशी थांबून विचारतात आणि उत्तर आवडलं नाही तर पुन्हा विचारतात. जेवण उरकलं की सभा संपल्याचं स्वतःच जाहीर करून चप्पल शोधायला लागतात. मोरीत तोवर दोन पातेली, कढई, परात, तीन वाडगे आणि झारा नसताना वापरलेली पूजेची पळी पडलेली असते.

मागच्या रविवारी काकूंनी आयत्या वेळचा विषय घेतला. “पुढच्या खेपेला चेअरमन मी. भांडी तुमच्याकडं.”

“असं कसं? निवडणूक पाच वर्षांनी असते.”

“मग तोवर प्रशासक बसवते,” काकू म्हणाल्या आणि ओसरीकडं तोंड करून हाक दिली, “ओ आत्याबाई, जरा आत या बरं!”

“आईला कशाला उठवतेस,” म्हणत आण्णांनी घासणी उचलली. “राख कुठंय?”

“आपल्याकडं साबण आहे,” नातू म्हणाला.