कुंपणावरचा फॉर्म

"बाई, चष्मा घेऊन या की वो जरा कुंपणापाशी!"

सुमनवैनींची हाक आली तेव्हा मी नुकताच चहा टाकला होता. आमच्या दोन घरांमध्ये तारेचं कुंपण आहे आणि त्यावर दोडक्याचा वेल. वेल त्यांचा, दोडके दोघींचे आणि कुंपणावरचं बोलणं सगळ्या गल्लीचं. गॅस बंद केला नि गेले.

वैनींच्या हातात दोन पानी फॉर्म. जावयानं हैदराबादहून मोबाइलवर पाठवलेला, त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेला. मोठ्या माणसांच्या पोहण्याच्या स्पर्धेचा. 'मास्टर्स' म्हणतात त्याला. पंचविशी ओलांडली की कुणीही उतरावं, वयाचे गट पाच-पाच वर्षांचे.

"बगा, ह्यांनी समद्या चौकटीत टिक मारल्यात. समद्या! मी म्हणलं, काय करूलालाव? हे काय लग्नाचं जेवण हाय का, येईल ते पानात वाढून घ्यायला?"

मी मोजल्या. फ्रीस्टाईल पन्नास, शंभर आणि दोनशे. बॅकस्ट्रोक पन्नास. ब्रेस्टस्ट्रोक पन्नास. बटरफ्लायसुद्धा पन्नास. एकूण सहा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : वैयक्तिक इव्हेंट जास्तीत जास्त तीन, रिले वेगळी.

"वैनी, तीनच चालतात."

"तेच तर! आता कोणते तीन म्हणून सकाळधरनं डोकं खाऊलालेत. जावई म्हणतो अमेरिकेत एका दिवसात पाचपाच पोहता येतात. मी म्हणलं, अमेरिकेत जाऊन पोहा मंग. हिकडं कापसाची वेचणी कोण बगंल?"

जावई खोटं बोलत नव्हता. तिकडे साध्या मास्टर्स स्पर्धेत दिवसाला पाच वैयक्तिक शर्यतींपर्यंत मुभा असते. पण त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तीनच्या वर जायचं तर आधी ठरावीक वेळ काढून दाखवावी लागते. म्हणजे हौस सगळीकडे सारखीच, आणि तिला वेसणही सगळीकडे घालावी लागते.

वैनींचे यजमान म्हणजे भाऊ. त्यांचं पोहणं गल्लीला माहीत आहे. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेले, दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला, तिसऱ्या उन्हाळ्यात काठावरून मुटका मारून बघणाऱ्यांना भिजवायला लागले. अजूनही उन्हाळाभर रोज पहाटे शेतातल्या विहिरीत पन्नास फेऱ्या. हा आकडा ते स्वतःच सांगतात, मोजायला कोणी जात नाही.

मी विचारलं, "विहीर केवढी हो तुमची?"

"आसंल तीस फूट."

मी शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे तीस फूट ऐकलं की हात आपोआप भागाकाराकडे जातो. तीस फूट म्हणजे नऊ मीटर. स्पर्धेचा तलाव पन्नास मीटरचा, म्हणजे 164 फूट. साडेपाच विहिरी एकापुढे एक मांडल्या तर तेवढं पाणी होईल. आणि विहिरीत दर नऊ मीटरला दगड हाताशी येतो, पायानं रेटा मिळतो, त्या रेट्यातच दीड-दोन मीटर फुकटात निघतात, वर श्वासही खाता येतो. पन्नास मीटरच्या तलावात मधे धरायला काही नाही. भाऊंनी आयुष्यात सलग पन्नास मीटर पोहलेलंच नाही. आणि फॉर्मवर दोनशेला टिक!

"सांगा की मंग त्यांना," वैनी म्हणाल्या. "माझं काय ऐकतेत?"

सांगायची वेळ आलीच. भाऊ खांद्यावर टॉवेल टाकून अंगणात आले. "ताई, मला येक सांगा. हैदराबाद अडीचशे किलोमीटर. गाडीभाडं तेवढंच, राहणं तेवढंच, कापडं तेवढीच. मंग येकाच शर्यतीसाठी कोण जाईल? जायचं तर वसूल करून यायचं."

खरं सांगते, ह्या बोलण्याला लगेच उत्तर सुचलं नाही. आपल्या भागातला माणूस बासरला जाऊन गाडी पकडतो, रात्र मोडतो, तेव्हा त्याला चार कामं एका खेपेत करायची सवय असते. हैदराबादचा माणूस घरून स्कूटरवर तलावावर जाईल, एक शर्यत पोहून दुपारी घरी जेवायला येईल. त्याचं गणित वेगळं, भाऊंचं वेगळं.

पण वसुलीचा हिशेब जावयानं गेल्या खेपेला करून पाहिला होता. ती हकिगत वैनींनीच मला ह्याच वेलापाशी सांगितली होती. त्यानं शंभर मीटर फ्रीस्टाईल आणि पन्नास मीटर बटरफ्लाय दोन्ही भरले. कागदावर दोन्हींच्या मधे आणखी एक इव्हेंट होता, म्हणून वाटलं निवांत आहे. पण मधल्या इव्हेंटला माणसंच कमी, दोन हीटमध्ये आटोपला. पन्नास मीटरची हीट म्हणजे मिनिट-दीड मिनिटाचं काम. दहा मिनिटांत दुसऱ्यांदा पाण्यात, अर्ध्या वाटेत पोटरीत गोळा आला, आणि लेनच्या दोरीला धरून उभा राहिला. बायको वरून व्हिडिओ काढत होती. तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांकडे आहे.

म्हणून मी भाऊंना म्हटलं, किती शर्यती पोहायच्या हे नंतर ठरवा, आधी त्यांचा क्रम बघा. दोन शर्यतींच्या मधे किती वेळ मिळतोय, हे टिक मारायच्या आधी मोजायचं. बऱ्याच मास्टर्स स्पर्धांत हीट वयावर लावत नाहीत, वेळेवर लावतात. ज्यांनी वेळ लिहिलेली नाही ते सगळ्यात हळू धरले जातात आणि पहिल्या हीटमध्ये जातात. भाऊंनी वेळेच्या रकान्यात काय लिहिलं होतं? 'चांगली'.

"मंग काय लिहू? घड्याळ विहिरीत कोण नेतंय?"

आता थोडं शाळेतलं. जोर लावून पोहताना पहिल्या दहा-बारा सेकंदांचं बळ स्नायूंत साठवलेलं असतं. ते चार-पाच मिनिटांत बरंचसं परत भरतं. पण पन्नास मीटर जिवाच्या आकांतानं पोहलं की त्याच्यापुढचं इंधन जळतं, अंग दगडासारखं होतं, दम लागतो. ते उतरायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि साठीच्या आसपास त्याहून जास्त. तेही खुर्चीत बसून नाही, शर्यत झाली की हळूहळू चार-सहा फेऱ्या मारत राहिलं तर लवकर उतरतं. बसून राहिलं की आखडलंच. भाऊ मान हलवत होते. वर्गातल्या मागच्या बाकावरची मुलं हलवायची तशी.

"बरं, पदकाचं काय?" भाऊंनी विषय काढलाच. "तिकडं नांदेडच्या बाजूचा आपला तो पाहुणा, त्याच्याकडं सोन्याचं हाय."

ते प्रकरण मला माहीत होतं. पाहुण्यांनी दोनशे मीटर बटरफ्लाय भरला, कारण त्यांच्या वयोगटात तो कोणी भरत नाही. दोन नावं होती, दुसरा आलाच नाही. हे एकटे पोहले, एकटेच व्यासपीठावर चढले, आणि गावात सत्कार झाला. वैनींना ह्या गोष्टीचं फार हसू येतं. मला नाही येत. दोनशे मीटर बटरफ्लाय त्या वयात एकट्यानं का होईना, पूर्ण करून दाखवणं म्हणजे खायचं काम नाही. मास्टर्समध्ये बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकसारखा पाय मारायची सवलत आहे, तरीसुद्धा. पदक कमी गर्दीतलं असेल, पण दम स्वतःचाच गेला ना? मात्र भाऊंनी ती वाट धरू नये. त्यांना बटरफ्लाय येतच नाही. ते जे मारतात त्याला आम्ही 'पाणी बडवणं' म्हणतो.

मग एकेक चौकट खोडायला बसलो. कुंपणाच्या खांबावर फॉर्म, माझं लाल पेन.

दोनशे गेलं. बटरफ्लाय गेलं. ब्रेस्टस्ट्रोकवर भाऊ अडले. विहिरीत ते तसंच पोहतात, डोकं वर, हात बाजूला. पण पाय? पाय कात्रीसारखे. विहिरीत शिकलेल्या बहुतेकांचे तसेच असतात. ब्रेस्टस्ट्रोकला कात्री चालत नाही, आणि वळताना नि शेवटी दोन्ही हात एकदम भिंतीला लागले पाहिजेत. एक हात आधी लागला की पंच नाव काढतो. पन्नास मीटर पोहून वर बाद! ते खोडलं. बॅकस्ट्रोकला पाठीवर असतानाच भिंत गाठायची असते. भिंतीच्या पाच मीटर अलीकडे वर झेंड्यांची दोरी असते, ती दिसली की हात मोजायचे. विहिरीत झेंडे कुठले! भाऊंचं डोकं आणि तलावाची भिंत ह्यांत मला भिंतीची काळजी वाटली. तेही खोडलं.

उरल्या दोन फ्रीस्टाईल. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, की फ्रीस्टाईल म्हणजे खरोखर मोकळी. वैयक्तिक फ्रीस्टाईलला कसंही पोहा. कात्री मारा, डोकं वर ठेवा, विहिरीतलं सगळं चालतं. ठोकळ्यावरून सूर मारायचीही सक्ती नाही, मास्टर्समध्ये पाण्यातूनच सुरुवात करता येते.

"म्हंजे माझं पोहणं कायद्यात बसतंय!" भाऊ एकदम खूश.

नवा घोळ वयाचा. मास्टर्समध्ये वय धरतात ते स्पर्धेच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला. भाऊंच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म 1 जून 1967. आमच्या भागात निम्मा गाव 1 जूनलाच जन्मलाय, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोपी पडायची. पण त्यांच्या आई सांगायच्या, पाकिस्तानशी लढाई झाली त्या पावसाळ्यातला हा. म्हणजे 1965. खरे साठ, कागदावर अठ्ठावन्न. गट लागला 55 ते 59, पंचावन्नच्या पोरांबरोबर. दोन वर्षं मिळाली असती तर साठच्या गटात सगळ्यात तरणे ठरले असते. दोन वर्षांनी म्हातारं ठरावं म्हणून हळहळणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

पत्त्याच्या रकान्यातही त्यांनी जिल्हा आदिलाबाद लिहिला होता. मी खोडून निर्मल केला. 2016 पासून आपण निर्मलात. भाऊ म्हणाले, बाप नांदेड जिल्ह्यात जन्मला, 1956 साली मुधोळ-भैंसा आदिलाबादेत गेलं, आता निर्मल. घर जागचं हललं नाही, फॉर्म मात्र दर खेपेला चुकतो.

लढाईवरून आठवलं. 'चंदू चॅम्पियन' सिनेमा वैनींच्या घरीच टीव्हीवर पाहिला होता. तो ज्यांच्यावर आहे ते मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले, त्याच 1965 च्या लढाईत गोळ्या लागून जखमी झालेले. 1972 ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाईलमध्ये त्यांनी 37.33 सेकंदांत सुवर्ण घेतलं. ते फक्त पोहून परतले नव्हते. भालाफेक, नेमाची भालाफेक आणि स्लॅलम, तिन्हींत त्यांनी अंतिम फेरी गाठली होती. त्याच वर्षी म्युनिकला मार्क स्पिट्झ सात शर्यती पोहला आणि सातही जिंकला.

"बगा! चार भरले म्हणूनच," भाऊ.

"चार भरले, सोनं एकात," वैनी. "येक ना धड, भाराभर चिंध्या असं तर नाही केलं त्यांनी. पोहायचं येकच भरलं."

ह्यावर भाऊ गप्प झाले. मी मनात म्हटलं, मायकेल फेल्प्ससुद्धा बीजिंगला आठ सुवर्णं घेऊन नंतर 2012 ला दोनशे फ्रीस्टाईल सोडूनच लंडनला गेला होता, आणि तीसुद्धा निवड चाचणीत जिंकलेली. पण बोलले नाही. वैनींचा डाव रंगात होता.

मी पान उलटलं तर मागे रिले. मिक्स्ड फ्रीस्टाईल, दोन पुरुष, दोन बाया, चौघांचं वय एकत्र धरून गट. जावई चौतीस, लेक एकतीस, भाऊ कागदावर अठ्ठावन्न. चौथं नाव पेन्सिलीनं लिहून खोडलेलं होतं. नीट पाहिलं. सुमन.

"हे काय हो वैनी?"

वैनींनी दोडका तोडल्यासारखं केलं. "लेकच मागं लागली. त्यांच्या सोसायटीत दुसरी बाई भेटंना. मी म्हणलं, माहेरच्या विहिरीत आम्ही पोरी दुपारची पोहायचो, त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली. ती म्हणं, आई, पन्नास मीटर तर हाय."

भाऊ कधी नव्हे ते हळू बोलले. "डबा न बांधता पोहायची ही. माझ्या आधी शिकलेली."

मी बेरीज केली. वैनींचे चोपन्न धरून 177. गट 160 ते 199, ठीक बसतं. मग भाऊंना सांगितलं, शंभर मीटर खोडा, एक पन्नास फ्रीस्टाईल ठेवा आणि रिले ठेवा. वैयक्तिक शर्यतीत गोळा आला तर तुमचाच, रिलेत आला तर तिघांचं पाणी जातं.

"आन वसुली?" भाऊ.

"तिकडं लेकीच्या घरी चार दिवस ऱ्हावू की," वैनी म्हणाल्या. "वेचणीचं पोराला सांगते."

वैनींनी पेन मागितलं आणि खोडलेल्या नावावर पुन्हा नाव लिहिलं, ह्या वेळी पक्क्या शाईनं. स्वतःची वैयक्तिक चौकट एकही भरली नाही. खाली सूचना लिहायला जागा होती, तिथं लिहिलं : पाण्यातूनच सुरू करणार.

फॉर्म शनिवारपर्यंत पाठवायचा आहे. भाऊंनी शंभर मीटरवरची टिक अजून खोडलेली नाही.