अरबाब आणि शाय गाय

मस्कतच्या दारसैत भागातल्या आमच्या इमारतीत २००६ साली निन्टेंडो डीएस हा हातात धरून खेळायचा गेम बऱ्याच पोरांकडे होता. 'मारिओ कार्ट डीएस' या गाड्यांच्या शर्यतीचं कार्ट्रिज मात्र एकाकडेच. तिसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी मुलाकडे. निन्टेंडोने सोय अशी केली होती की एका कार्ट्रिजवर आठ जणांना बिनतारी खेळता यायचं. ज्याचं कार्ट्रिज तो मारिओ, योशी, पीच, हवं ते होणार. उरलेल्या सातही जणांनी शाय गाय व्हायचं. अंगात झगा, तोंडावर पांढरा मुखवटा, गाडी ठरलेली एकच. निवड म्हणाल तर झग्याच्या रंगाचीसुद्धा नाही. आणि डीएस बंद केला की उसना गेम गुल. पुन्हा मालकाच्या दारात उभं राहा.

आखातात वाढणाऱ्या पोरांना ही व्यवस्था कुणी समजावून द्यावी लागली नाही. आमचे सगळ्यांचे बाप असेच मस्कतला आले होते: व्हिसा कंपनीचा, घर कंपनीचं, वर्षाकाठी विमानाचं तिकीटही कंपनीचं. तेव्हा त्या कार्ट्रिजवाल्या मुलाचं नाव आपोआप अरबाब, म्हणजे मालक, पडलं. कुणाची बॅटरी मध्येच संपली की सगळे ओरडायचे, "व्हिसा कॅन्सल!" पलीकडच्या इमारतीत दुसरं कार्ट्रिज आल्याची बातमी लागली तेव्हा आमच्यातला एक तिकडे निघाला. अरबाब थंडपणे म्हणाला, "एनओसी मिळणार नाही." नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागायची ती अट ओमानने २०२१ मध्ये काढली. तोवर आमचे अरबाब स्वतःच कॅनडात वर्क परमिटवर होते.

पण या खेळाचा न्याय उफराटा होता, आणि त्यावरच आम्ही तगलो. पुढे असणाऱ्याच्या हाती बहुधा केळ्याची साल. शेवटी रखडणाऱ्याला तारा, नाहीतर थेट तोफेचा गोळा होऊन सुसाट सुटायची संधी. असा कामगार कायदा जगात दुसरीकडे कुठे असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मालक नेहमी पहिला, त्यामुळे मार नेहमी मालकाला. बरं, मुखवटे सारखे! "कुणी मारलं?" विचारलं की सात बोटं सात दिशांना. आत त्याची आई पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी, तळत असायची आणि बाहेर तिचा लेक केळ्याच्या साली चुकवत असायचा.

गेल्या हिवाळ्यात मस्कतमध्येच रुवीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात तेच कार्ट्रिज दिसलं. चार रियाल मोजले आणि वयाच्या तिशीत अरबाब झालो. 'डेझर्ट हिल्स' ही शर्यत पहिली लावली. वाळू, निवडुंग, आणि डोक्यावर रागावलेला सूर्य आगीचे गोळे टाकतोय. जपानमध्ये कुणीतरी हे कल्पनेने रचलं असेल. आम्ही जूनमध्ये शाळेच्या बसमधून उतरून रोज हेच करत होतो. सरळ रस्त्यावरही नागमोडी घसरत ठिणग्या काढायच्या नि वेग कमवायचा, ही जुनी विद्या अंगठ्याला आठवत होती. मनगटाला नाही, ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात फाईल उचलताना कळवळलं. खऱ्या रस्त्यावर तर या विद्येला कुणी विचारत नाही. इथल्या गाडीने ताशी १२० ओलांडले की ती स्वतःच पिपाणी वाजवते, आणि तिचं ऐकलं नाही तर पुढचा रडार फोटो काढतो. लायसन्ससाठी आधी ड्रमच्या मधून गाडी रिव्हर्समध्ये घालून दाखवावी लागते, ते तर मारिओलाही जमलं नसतं.

असो. गेममधले बाराही गडी हात जोडून उभे होते, मला हवा होता शाय गाय. सगळे कप जिंकले, सगळ्या गाड्या उघडल्या, तरी तो काही येईना. मग उमगलं: कार्ट्रिजवाल्याला शाय गाय होताच येत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या मेहेरबानीवर मिळतो. मालकाला नोकराची जागा देण्याची तरतूदच नाही.

मग एक जुना डीएस आणखी पैदा केला, कार्ट्रिज बायकोच्या हवाली केलं आणि म्हटलं, "तू हवी ती हो, फक्त मला गेम पाठव." ती सोलापूरची. आखातात येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झालीत. तिने कार्ट्रिज उलटसुलट करून पाहिलं, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "पाठवते की. आधी चहा टाक. आणि येताना भांडी लावून ये."